मेदिचींच्या अंगावर वहिनींची पैठणी

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त मापं लिहायला. छाती, कंबर, बाही, मुंढा. हे चार शब्द मी डोळे मिटून शुद्ध लिहीन, बाकीच्यांची खात्री देत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात "माझं काम" म्हणून काहीतरी लिहा, असं माझी सून पल्लवी मागे लागून सांगत होती. मी नाही म्हटलं. चार माणसांत बोलायचं तरी माझ्या घशाला कोरड पडते, मग छापून कुठे यायचं? पण नाही म्हटल्यापासून हात शिवशिवतायत. म्हणून हे आपलं घरच्या घरी, नातीच्या उरलेल्या वहीत.

मी शिवणकाम करते. जालन्याला होते तेव्हा ब्लाउज शिवायचे, पोलकी, परकर, लहान मुलींचे फ्रॉक. मुलाने इकडे न्यूझीलंडला आणलं, अप्पर हट नावाच्या गावात, तेव्हा वाटलं होतं की आता सुई सुटली. इथे कोण ब्लाउज शिवून घेणार? पण स्टेशनजवळ बेव्ह नावाच्या म्हातारीचं एक दुकान होतं. इथले लोक कपडे शिवून घेत नाहीत. तयार आणतात आणि मग आपल्याला बसत नाहीत म्हणून दुकानात आणून देतात. पॅन्ट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. बेव्हला माणूस हवं होतं. तिने माझ्या हातात एक फाटका रेनकोट दिला, मी तो शिवून दिला, झाली मुलाखत. बोलायची वेळच आली नाही, म्हणून तर नोकरी मिळाली.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले, त्याला पावसाचा कोट हवा होता. मी टेप काढली तर कुत्र्याने स्वतःहून पुढचा पाय उचलून धरला. जालन्यात इतकं शहाणं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं. एक नवरी लग्नाच्या आदल्या आठवड्यात झगा घेऊन आली, तो पाठीत बंद होईना. मी आत बघते तर कापड शिलाईला लागून कापून टाकलेलं. आमच्याकडे शिवताना आत दोन बोटं कापड जादा सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग सुटलं की शिलाई उसवायची आणि मायेतून वाढवायचं. एक ब्लाउज बाळंतपणापासून साठीपर्यंत जातो. इथल्या कपड्यात माया नसतेच. त्या नवरीला मी पाठीत नाड्या ओवून दिल्या. लग्नात सगळ्यांनी विचारलं म्हणे, ही फॅशन कुठली?

अशीच एकदा जिल आली. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली, उंच, केस पांढरे शुभ्र, आवाज असा की दुकानाच्या काचा थरथराव्यात. ती गावातल्या हौशी नाटक मंडळींची प्रमुख. आली होती पॅन्ट आखूड करून घ्यायला, पण मी कच्चा टाका घालत होते ते बघत उभी राहिली. कच्चा टाका म्हणजे लांब लांब, सैल, नंतर काढून टाकायचा टाका. मशीन मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतात. तिने मला खूप वेळ काहीतरी विचारलं. मी "येस" म्हटलं. नाही म्हणायला इंग्रजीत जास्त शब्द लागतात.

त्या "येस"मुळे पुढचं सगळं झालं.

रविवारी जिल आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहाचे तीन कप झाले. ती बोलायची, पल्लवी मला मराठीत सांगायची. जिलने स्वतः नाटक लिहिलं होतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्स नावाच्या शहरात मेदिची नावाचं एक घराणं होतं, त्यांचं नाटक, आणि त्याचे सगळे कपडे शिवायला मी "येस" म्हणून बसले होते. मूळचे साधे लोक. मग सावकारी सुरू केली, पेढी काढली, ती गावोगाव पसरली. त्या शहराला राजा नव्हता. कारभार पंचांचा. पण पंच कोणाच्या घरी जाऊन सल्ला घ्यायचे? तर या सावकाराच्या. अर्ध्या गावाने त्यांच्याकडून पैसे घेतलेले.

"त्यातले आजोबा फार हुशार," पल्लवी म्हणाली. "घराचा नकाशा फार भपकेबाज आहे म्हणून परत पाठवला. कपडे साधे काळे. लोकांच्या डोळ्यांवर यायचं नाही म्हणून. तरी शत्रूंनी गावाबाहेर हाकललंच. पण वर्षभरात लोकांनी परत बोलावून घेतलं, कारण पैसे त्यांच्याकडे होते."

"आणि मग?"

"मग नातू. तो जरीचा. कवी, चित्रकार, मेजवान्या. शत्रूंनी भर चर्चमध्ये त्याच्यावर हल्ला केला. भाऊ गेला, हा वाचला. पेढी बुडत चालली होती, पण नाव मात्र वाढतच गेलं."

मी जरा विचार केला. "राजे नाहीत, पंच नाहीत, पण विचारल्याशिवाय पान हलत नाही?"

"हो."

"म्हणजे आपल्या कर्णिक वहिनी."

पल्लवीच्या तोंडातला चहा टेबलावर उडाला. जिल विचारत राहिली की काय झालं, काय झालं, आणि आम्ही दोघी पदराने डोळे पुसत होतो. पल्लवीने म्हणजे टी-शर्टाने.

कर्णिक वहिनींबद्दल सांगायला हवं. पुण्याच्या. इथे आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक बारा लिटरचा कुकर होता आणि तेवढा मोठा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. कोणाकडे बारसं असलं की कुकर मागायला लोक त्यांच्याकडे. मग वहिनींनी पातेली आणली, मग सतरंज्या, मग स्पीकर. सगळं देतात, कधी नाही म्हणत नाहीत, पण अनामत ठेवून घेतात. झारा जरी नेला तरी दहा डॉलर. मंडळाच्या कमिटीत त्या कधीच नव्हत्या, पण कमिटी तारीख ठरवायच्या आधी त्यांना फोन करते. पाठीमागे लोक त्यांना चिकट म्हणतात. समोर आले की म्हणतात, "वहिनी, तुमच्याशिवाय कसं झालं असतं?"

जिलने पंचांच्या कपड्यांसाठी जुन्या सामानाच्या दुकानातून मखमलीचे पडदे आणले होते. ते काम सोपं. आजोबांचा काळा झगा मी जाड लोकरीच्या कापडाचा बेतला. आजोबांचं काम करणार होता ग्रॅहम, धंद्याने प्लंबर. आता मी जन्मात पुरुषाचं माप घेतलेलं नाही. जालन्यात बायका मापाचा ब्लाउज घेऊन यायच्या, त्यावरून आम्ही नवा बेतायचो, अंगाला हात लावायची वेळच नाही. म्हणून मी पल्लवीकडून ग्रॅहमला सांगितलं, मापाचा शर्ट आण, चांगला बसणारा. त्याने आणला. मी झगा शिवला. तो घालून बघायला आला तर पोटावर वीतभर उघडा.

पल्लवीने विचारलं, "ग्रॅहम, हा शर्ट केव्हाचा?"

"माझ्या लग्नाचा," तो म्हणाला. "तू चांगला बसणारा म्हणालीस. हाच काय तो मला चांगला बसला होता."

आत माया होती म्हणून निभावलं. दोन्ही बाजूंनी उसवलं, सगळी बाहेर काढली. तो आरशासमोर पोटावर हात फिरवत म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. तेव्हापासून त्याची-माझी गट्टी. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

अडचण नातवाची होती. त्याला जरी हवी. पडद्यांत जरी कुठली? विकत घ्यायला जिलकडे पैसे नव्हते. आणि तेवढ्यात पल्लवीची बनारसी साडी दोरीवर वाऱ्याला टाकलेली जिलला दिसली. ती खुर्चीवरून उठली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

मंडळाच्या बायकांनी साड्या द्यायला का-कू केलं नाही. बॅगांमध्ये पडून तरी काय करतात? इथे वर्षातून दोनदा नेसायच्या. अट एकच, कात्री लागता कामा नये. मी कबूल केलं. सगळं कच्च्या टाक्यावर करीन म्हटलं. चुण्या घालीन, दुमडीन, टाचीन, पण कापणार नाही. कांजीवरम आली, दोन बनारसी आल्या, एक नारायणपेठ आली. पण नातवासाठी यातली एकही मला पटेना. मला माहीत होतं कोणती पटेल. मागल्या संक्रांतीला कर्णिक वहिनी आमसुली पैठणी नेसून आल्या होत्या. पदरावर मोर, आणि जरी अशी की उन्हात डोळे मिटावेत.

मी वहिनींच्या घरी गेले. दारात उभी राहून काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. "पैठणी," एवढंच म्हटलं.

वहिनींनी मला बसवलं, लाडू दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुमनताई, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण विश्वासाला तारण असलं की मला झोप बरी लागते."

"किती?"

"हजार."

हजार डॉलर माझ्याकडे होते, हीच तर पंचाईत. बेव्ह दुकान बंद करणार होती. तिचं मोठं मशीन, जाड कापड लोण्यासारखं शिवणारं, ती मला हजाराला देणार होती. ते मिळालं की मुलाच्या गॅरेजमध्ये माझं स्वतःचं काम सुरू. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली होती, नंतर वेलिंग्टनचा एक व्यापारी ते उचलणार होता. मी ते पैसे दूध पावडरीच्या डब्यात दोन वर्षं जमवले होते. नाटक महिनाअखेरीच्या आतच संपणार होतं. साडी धड परत गेली की पैसे परत, मग मशीन. साडीला काही झालं, तर मशीन व्यापाऱ्याच्या गाडीत.

शहाण्या बाईने लाडू संपवून घरी जावं. पण पैठणी समोर पलंगावर उलगडून ठेवलेली होती. मी डबा नेऊन दिला. वहिनींनी नोटा दोनदा मोजल्या.

"फाटली नाही, डाग नाही, एक धागासुद्धा ओढलेला नाही, तर सगळे परत," त्या म्हणाल्या. "काही झालं तर तारण तारणासारखं. मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

पल्लवी घरी आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आई, तुम्ही नाटकवाल्यांच्या कपड्यांना स्वतःचे पैसे तारण ठेवलेत? मेदिचींनी पण असलं काही केलं नसेल!"

"त्यांची पैठणी बघितलीस का तू?"

"बघितली."

"मग गप्प बस."

पैठणीवर काम करायचं म्हणजे श्वास धरून. जरीत सुई घालायची नाही, जरीची तार तुटते. काठाच्या आत, रेशमाच्या दोन धाग्यांमधून बारीक सुई न्यायची. टाचणी नाही, सेफ्टी पिन तर नाहीच. मी सगळा डगला एकाच सलग रेशमी दोऱ्याने टाचला. दोऱ्याचं एक टोक खांद्याखाली मोकळं ठेवलं, गाठ न मारता. ते ओढलं की सगळे टाके एकापाठोपाठ सुटत येतील आणि साडीला झटका बसणार नाही. काम संपल्यावर साडी जशी आली तशी परत जावी म्हणून. ही माझी स्वतःची युक्ती होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

त्या काळी बाह्या झग्याला शिवलेल्या नसत, असं जिलने चित्रांत दाखवलं. वेगळ्या असत, खांद्याला नाडीने बांधायच्या. मला इतका आनंद झाला! बाह्यांच्या चार जोड्या असल्या की एका झग्याचे चार झगे. शिवाय बाहीला फटी ठेवून त्यातून आतलं पांढरं कापड फुगवून बाहेर काढायचे. पांढरं कापड मऊ हवं, धुतलेलं. माझी चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायची पांढरी साडी होती, खूप वर्षांची. ती कापून नातवाचा आतला सदरा केला. सगळ्या नाटकात कात्री लागली ती फक्त माझ्या साडीला, आणि मेदिचींच्या दंडावर ती अशी फुगून बसली की मला हसू आवरेना.

ग्रॅहमचे आजोबा पहिल्याच अंकात मरायचे. नंतर त्याला काम नसायचं, म्हणून तो मागे मला मदत करायचा. साडीची घडी एकट्याने नीट होत नाही, दोघं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, दुमडायची, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. मी त्याला शिकवलं. "कम," मी म्हणायचे. "गो. कम." तो म्हणायचा की शाळेत नाच शिकवायचे तो असाच होता.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. मंडळाच्या बायका दोन रांगा भरून आल्या होत्या. नाटक सुरू झालं. पहिली बाई रंगमंचावर आली आणि हॉलमधून आवाज आला, "अगं माझी नारायणपेठ!" मग दुसरी आली. "ती माझी, ती माझी!" इकडे फ्लॉरेन्समध्ये राजकारण चाललेलं आणि तिकडे कोणाची कोणती हे ठरत होतं. शेवटी नातू आला. लियम नावाचा लांब पोरगा, पैठणीच्या डगल्यात. पूर्ण हॉल गप्प. आणि त्या शांततेत कर्णिक वहिनी, आवाज न चढवता, शेजारणीला: "हं."

त्या "हं"साठी मी पुन्हा हजार दिले असते.

मग चर्चचा प्रसंग आला. मारेकरी धावून येतात, आधी भावाला भोसकतात. भाऊ पडतो, त्याच्या पोटाशी लपवलेली रक्ताची पिशवी फुटते. ते रक्त जिल स्वतः करायची, साखरेच्या पाकात लाल रंग घालून. दाट, चिकट. मग मारेकरी नातवाच्या खांद्याला धरतो आणि नातू झटका देऊन निसटतो. तालमीत दहा वेळा झालं होतं. पण त्या दिवशी मारेकऱ्याच्या बोटांत माझं मोकळं टोक आलं.

लियम जोरात निसटला. टाके सुटत गेले, अगदी माझ्या युक्तीप्रमाणे, एकापाठोपाठ एक, कुठेही न अडकता. तो गोल फिरला तशी पैठणी उलगडली, एक वार, दोन वार, पूर्ण सहा वार, रंगमंचभर. लियम मध्ये उभा, घट्ट विजार आणि माझी जयंतीची पांढरी साडी. पदर जमिनीवर मोर वर करून पडलेला. आणि मेलेल्या भावाच्या अंगाखालून पाक हळूहळू त्या मोराकडे सरकत होता.

कोणी हललं नाही. सगळे नट जागच्या जागी. एका मारेकऱ्याचा बूट काठावर होता.

हॉलमधून वहिनींचा आवाज आला, मराठीत, खणखणीत: "अहो, पाय! पाय उचला! सुमनताई! पदर, पदर!"

मारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, पण त्याने पाय उचलला. वहिनींचा आवाजच तसा आहे. तो खंजीर वर धरून एका पायावर उभा राहिला.

मी पडद्यामागे होते. मला आठवतं ते एवढंच की माझ्या पायांत जँडल, म्हणजे इथल्या रबरी सपाता, होते आणि ते फटाफट वाजत होते, आणि इतकं कोण वाजवतंय असं मला वाटलं. तेव्हा कळलं की मीच धावतेय. समोर दिवे. दिव्यांच्या मागे सगळा हॉल. मी पदर उचलला. पाक वीतभर अंतरावर होता. पदर छातीशी धरला आणि आता पुढे काय ते सुचेना. साडीचं दुसरं टोक पार तिकडे जमिनीवर.

तेवढ्यात समोरच्या बाजूने ग्रॅहम आला. आजोबा. पहिल्या अंकात मेलेले, सगळ्यांनी रडून पुरलेले, काळा झगा घालून शांतपणे चालत आले आणि त्यांनी दुसरं टोक उचललं. माझ्याकडे बघितलं.

"कम?" ते म्हणाले.

आम्ही घडी घातली. ताणली, दुमडली, एकमेकांकडे चालत आलो, टोकाला टोक लावलं, मागे गेलो, पुन्हा आलो. मारेकरी एका पायावर. भाऊ मेलेला, पण एक डोळा उघडून बघतोय. घडी छोटी झाली, ग्रॅहमने ती माझ्या हातांवर ठेवली, लोकांकडे वळला आणि खोल आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला. नंतर पल्लवीने सांगितलं. तो म्हणाला होता, आमच्या पेढीत ठेवलेली वस्तू, माणसं मेली तरी, जशी आली तशीच परत जाते.

मग टाळ्या. मी घडी घेऊन पळाले ते थेट कपड्यांच्या खोलीत, आणि दार लावून घेतलं. मागून लियमचं भाषण ऐकू येत होतं, घराण्याच्या इभ्रतीबद्दलचं. ते त्याने विजारीवर केलं.

जिल खोलीत आली तेव्हा मला वाटलं आता ही ओरडणार. तिने मला मिठी मारली. लोकांना वाटलं होतं, ते नाटकातच आहे. आजोबांचा आत्मा आणि मृत्यूची देवता येऊन घराण्याचं वैभव घडी करून नेतात, असं काहीतरी. मृत्यूची देवता म्हणजे मी.

"कीप इट," जिल म्हणाली. "रोज करायचं."

"नो," मी म्हटलं. बघा, शब्द सापडला. पण तिला तो ऐकू आला नाही.

मग प्रत्येक प्रयोगाला मी रंगमंचावर गेले. काळा झगा, अनवाणी. रोज घडी नीट व्हायची. जिलने पाकाची पिशवी आम्ही गेल्यावर फोडायचं ठरवलं, त्यामुळे तो धोका गेला. आणि कर्णिक वहिनी प्रत्येक प्रयोगाला आल्या. तिकीट काढून. मध्यंतरात चहाच्या रांगेत भेटेल त्याला सांगायच्या, "किया ओरा!" म्हणजे इथला नमस्कार. "ती आमसुली आहे ना, ती माझी." मग म्हणायच्या, "आणि ती घडी घालणारी बाई आहे ना, ती आमची."

शेवटचा प्रयोग झाला. महिना संपायला दोन दिवस होते. बेव्हने दुकानाच्या दाराला बंदची पाटी लावली होती. मी पैठणी घेऊन वहिनींकडे गेले. पल्लवी सोबत आली.

वहिनींनी खिडकीजवळ चादर अंथरली, त्यावर साडी उलगडली आणि चष्मा लावला. काठ बघितला. पदर बघितला, एकेक मोर. एकही धागा ओढलेला नव्हता. मग निऱ्यांच्या भागाकडे आल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

नखाएवढा डाग. तांबूस.

पल्लवीने माझा हात धरला. मला वाटत होतं की पाक लागला नाही. पण पहिल्या दिवशी मी काय बघितलं आणि काय नाही, कोणाला माहीत? दिवे होते, धावपळ होती. मशीन मला व्यापाऱ्याच्या गाडीत चढताना दिसायला लागलं.

"रक्त," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या नाटकातलं."

आणि मग माझ्या तोंडून आवाज आला. "वहिनी, ते रक्त साखरेच्या पाकाचं असतं. जिभेला लावून बघा. गोड लागलं तर पैसे तुमचे."

पल्लवी म्हणाली, "आई!"

वहिनींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग बोट ओलं केलं, डागावर फिरवलं आणि जिभेला लावलं. वहिनींनी पुन्हा एकदा बोट लावलं. डोळे मिटले.

"गोड नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा डागाला नाक लावलं, मग एकदम ताठ बसल्या. "सुनीताचं लग्न! माझ्या नणंदेचं. पंगतीत तिच्या मामाने आमटीची वाटी माझ्या निऱ्यांवर उपडी केली होती. तेव्हापासून मी तो भाग आत खोचते. बघा, इतकी वर्षं खोचला की विसरूनच गेले."

त्या गप्प राहिल्या असत्या तर आम्हाला काय कळणार होतं? मी तेव्हा त्यांच्याकडे नीट बघितलं. चिकट म्हणतात त्यांना लोक. म्हणत राहोत.

वहिनी हसायला लागल्या. आधी नुसत्या हलल्या, मग मोठ्याने. "म्हणजे मी स्वतःची पैठणी चाटली, आणि ती निघाली सुनीताच्या लग्नातली आमटी!" पल्लवी खाली चादरीवर बसली. मी पोट धरलं. तिघींच्या डोळ्यांतून पाणी, आणि मध्ये पैठणी. तिच्यावर पाणी पडू नये म्हणून वहिनींनी हसता हसताच ती बाजूला ओढली.

मग त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "कम," त्या म्हणाल्या. सगळे प्रयोग बघितलेले, पाठ होतं. आम्ही घडी घातली.

आतून त्यांनी माझा दूध पावडरीचा डबा आणला. जड लागला. झाकण उघडलं तर वरपर्यंत चकल्या. मला क्षणभर काही कळेना.

"भांडं रिकामं परत देतात का कोणी?" वहिनी म्हणाल्या. "खाली बघा."

चकल्यांच्या खाली कागद, कागदाखाली नोटा.

"मोजा."

"नको हो वहिनी, आता काय..."

"माझ्यासमोर मोजा. पेढी आहे ही."

मी मोजल्या. चकलीचा चुरा नोटांना चिकटला होता, तो झटकत झटकत, एकेक करून चादरीवर मांडल्या. वहिनी ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होत्या, पल्लवी एक चकली खात होती. शेवटची नोट ठेवली. हजार. पूर्ण.